लव्हाळ्याचं औषध

आमच्या घरातला घट एका वर्षी उगवला नाही, त्याला कारण मी होतो. हे एक वाक्य लिहायला मला पंचेचाळीस वर्षं लागली. (बाकीचा मजकूर त्या मानाने लवकर झाला.)

सत्तरचं दशक संपत आलं होतं. गंगापूर रोडला आमचं बैठं घर, मागे चार वाफ्यांची जागा. दसरा झाला की तिथे मेथी, मुळा आणि कोबी लावणार, असं मी आईला, दादाला आणि सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं. अडचण एकच, लव्हाळा! सकाळी उपटावा, तर संध्याकाळी दुप्पट. आमच्या ऑफिसातला शिपाई भिका देवळा तालुक्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. तो म्हणाला, "सायेब, खडेमीठ टाका. लय जालीम औषध हाय. पन मूठभरच बरं का!"

मूठभर! पदवीधर माणूस शिपायाच्या मापाने चालतो होय? मी द्वारका चौकातल्या दुकानातून अर्धं पोतं आणलं, आई देवळात गेल्यावर (मीठ मातीत घालणं तिला पाप वाटलं असतं) चारही वाफ्यांत कालवलं आणि वर पाणी सोडलं.

चौथ्या दिवशी घटस्थापना. दादाचं लग्न त्याच वैशाखात झालेलं, त्यामुळे घटात धान पेरायचा मान नव्या वहिनींचा. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तर घट बसलेला.

"माती कुठली गं?"

"मागच्या वाफ्यातली," आई म्हणाली. "काय भुसभुशीत केलीयस रे! गवताची काडी नाही."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आईने माझं कौतुक करण्याचा प्रसंग दर वर्षी येत नसे.

तिसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या मालतीकाकू येऊन, "आमचं बाई वीतभर झालंय!" असं सांगून गेल्या. आई वहिनींकडे वळली.

"पेरताना हात धुतले होतेस ना गं?"

"धुतले होते, आई."

वहिनी दिवसातून चारदा पाणी शिंपडू लागल्या. सातव्या दिवशी मातीवर पांढरी पुटं आली.

"भस्म! देवीने भस्म दिलं!" मालतीकाकू ओरडल्या. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी ते कपाळाला लावलं आणि उरलेलं जिभेवर ठेवलं.

"खारट लागतंय हो!"

आई पाटावर बसलीच. "देवीचे अश्रू ते! कुणाच्या तरी हातून चुकलंय."

सगळे वहिनींकडे बघू लागले. (मीही बघितलं. मी एकटाच दुसरीकडे बघत राहिलो असतो, तर संशय आला असता.)

वहिनी रडल्या नाहीत. स्वतःचेच तळवे बघत राहिल्या. पुढच्या वर्षीपासून धान आईने पेरलं आणि वहिनींनी त्या घरात साधी कोथिंबीरसुद्धा कधी लावली नाही. "माझ्या हाताला उगवण नाही, भाऊजी," असं हसून सांगायच्या. माझ्या बागेचं म्हणाल, तर मेथी नाही, मुळा नाही, कोबी नाही. लव्हाळा मात्र दिवाळीपर्यंत गुडघ्याला लागला!

आई गेल्यावर ठरवलं, आता सांगून टाकायचं. जेवताना दादा हात धुवायला उठल्याचं बघून म्हणालो, "वहिनी, मिठाचं जरा बोलायचं होतं."

"अगंबाई, कमी पडलं?" आणि चिमूटभर मीठ माझ्या पानात.

"हो... थोडंसं."

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. शेवटी शेवटी तर मी तोंड उघडायच्या आतच त्या जास्तीचं मीठ वाढून ठेवायच्या, आणि मी ते मुकाट्याने खायचो.

मागच्या वर्षी वहिनी गेल्या. मला आता रोज सकाळी रक्तदाबाची गोळी. डॉक्टरांनी परवा विचारलं, "आजोबा, इतकी वर्षं एवढं मीठ का खात होता?"

माफी मागत होतो, हे मला त्यांनाही सांगता आलं नाही. "सवय होती," म्हणालो.