बस्त्याच्या दिवशी छबुबाईचे हात

बीडच्या बाजारपेठेत सुंदरराव शेठचं साड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला पांढऱ्या गादीवर बसवून, चहा पाजून साड्या दाखवणारं. अशी दुकानं आता राहिली किती! लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं उतरली की त्या गादीचा रंगमंच होतो. वर झगझगीत दिवे, समोर पुरुषभर आरसा आणि मधोमध विक्रेता अभिमन्यू. चांगला मिशीवाला गडी, पण शालूचा पदर खांद्यावर घेऊन असा वळतो की खरी नवरी लाजून खाली बघते.

मात्र घडी मोडलेली प्रत्येक साडी पुन्हा घडीत बसली, तरच पुढचा खेळ. ते काम गादीच्या टोकाला बसलेल्या तीन बायकांचं, आणि त्यांची म्होरकी छबुबाई.

छबुबाई पाली गावची. चौदा हंगाम ऊसतोडीला जाऊन मोळ्या बांधल्या, कंबर बोलायला लागली तेव्हा या दुकानात आली. आल्या आल्या एक जरीचा शालू तिने जुन्याच मोडीवर, आधीच्या दुमडीच्या रेषेवरच, घडी घालून ठेवला. पावसाळाभर तो फळीवर पडून राहिला, आणि उघडला तर मोडीवर जर तुटलेली. त्या दिवसापासून एकाही रेशमाला तिने त्याच मोडीवर दुसऱ्यांदा निजू दिलं नाही. एकोणीस वर्षं झाली. कुठल्या साडीची आधीची मोड कुठं होती, ते तिच्या बोटांना पाठ आहे.

दुकान कामगारांची संघटना निघाली तेव्हा वर्गणीची पहिली पावती तिनेच फाडली होती. यंदा पगारवाढीचा करार ठरत आला. शेठनं मसुदा पाठवला, आणि सेक्रेटरी म्हणून अभिमन्यूनं तो मोबाइलवरून सगळ्यांना वाचून दाखवला. वाढ, चहाची सुट्टी, सगळं विक्री कामगारांना. घडीवाल्या बायका नुसत्या ‘मदतनीस’, त्यांचं नाव करारात कुठंच नाही.

जाब विचारायला सगळे गेले, तेव्हा शेठ गल्ल्यावरून म्हणाले, “त्या तर नुसत्या बसून असत्यात. घडी घालणं म्हंजी काय काम हाय व्हय? आन् त्यांना घ्यायचंच आसंल, तर तुमच्या वाढीतनं द्या. मी वर एक रुपाया सोडणार न्हाई.”

बाहेर आल्यावर अभिमन्यू तिच्याजवळ घुटमळला. “मावशी, आधी आमचं पदरात पाडून घिऊ. पुढल्या करारात तुमचं बघू.”

“तुझ्याकडं पदर कुठनं आला रे? दुकानातला उसना घेतूस, त्यो बी माझ्या हातच्या घडीतला!”

विक्रीवरची पोरं खिदळली. अभिमन्यू हसला नाही. “घरी बाळंतीण हाय, मावशी. तीन वर्सं झाली या सहीची वाट बघतोय.”

“मी एकोणीस झाली बघतीय.” तिचा आवाज चढला नाही, पण पोरांचं हसू थांबलं. “शुक्रवारी सही हाय नव्हं? गुरुवारी तेलगावचा बस्ता हाय. त्या दिशी शेठ बोललं तसंच वागू आमी. नुसत्या बसून ऱ्हाऊ.”

गुरुवारी तेलगावहून दोन गाड्या भरून माणसं आली. नवरीची आत्या सारजाबाई पुढं. तिला काही केल्या रंग पसंत पडेना. “अजून काढा की! लेकीचं लगीन एकदाच हुतं.” साडीवर साडी मोडत गेली. दुपारपर्यंत गादीवर रेशमाचा डोंगर झाला. आरसा झाकला, गिऱ्हाइकाला पाय ठेवायला जागा उरली नाही. तिघी बायका मात्र भिंतीला टेकून बसलेल्या.

“छबुबाई, हात चालवा की!” शेठ ओरडले.

“मदतनीस हाय शेठ. घडी म्हंजी काम न्हाईच, आसं तुमीच बोललाय.”

शेठनं पंडित नावाच्या विक्रेत्याला घडीला बसवलं. त्याच्या हातून साडीचं गाठोडं झालं. मग शेठ स्वतःच गुडघ्यावर आले आणि हिरवाजर्द शालू ओढून जुन्या मोडीवरच दाबू लागले.  छबुबाईची बोटं आपोआप पुढं सरकली. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि त्यावर बसली.

“मोड बदला शेठ, जर तुटंल!” तोंडातून निघालंच. हात मात्र निघाले नाहीत.

“कावून बसल्यात ह्या बाया?” सारजाबाईनं विचारलं. छबुबाईनं दोन वाक्यांत सांगितलं. सारजाबाईनं ऐकून घेतलं आणि लोडाला टेकली. “मग मिटवा तुमचं. तवर आमी च्या पितो. पर शेठ, दिवस मावळायच्या आत, न्हाई तर दुसरं दुकान हायच.”

शेठनं कराराचा कागद आणि पेन काढलं. “अभिमन्यू, उद्याची सही आत्ताच करतो, बघ. तुझ्या पोरांना घडीला लाव.”

अभिमन्यू उभा होता, खांद्यावर लाल शालू. तीन वर्षांची वाट त्या पेनाच्या टोकाला येऊन थांबली होती. त्यानं छबुबाईकडं पाहिलं. तिचं लक्ष त्याच्याकडं नव्हतंच. ती शेठच्या गुडघ्याशी पडलेल्या हिरव्या शालूची मोड बघत होती.

“बायांची नावं घाला शेठ,” तो म्हणाला. “आमच्यातनं कापा.”

“डोस्कं फिरलं का बे? बाळंतीण हाय ना घरी?”

“हाय. तिच्या लग्नातला शालू बी मावशीच्या हातचाच हाय. अजून एक धागा तुटला न्हाई.” एवढं बोलून अभिमन्यू शालूसकट खाली बसला, तिघींच्या शेजारी भिंतीला टेकून. एकेक करत बाकीची पोरंही बसली. पंडित सगळ्यात शेवटी, तोंड पाडून, पण बसला.

शेठनं त्या रांगेकडं पाहिलं, डोंगराकडं पाहिलं, मग लिहायला घेतलं. छबुबाई, मंजुळाबाई, मंगल. “हुद्दा काय लिवू?”

“घडी कामगार,” छबुबाई म्हणाली.

वाढ सगळ्यांचीच निम्म्यावर आली. तरी सह्या झाल्या. छबुबाईनं आपली सावकाश, एकेक अक्षर दाबून केली आणि हात पुन्हा मांडीखाली सरकवले.

“झालं समाधान? आता तरी लावा हात!”

“लावते की. पर त्यातलं सातवं कलम वाचा शेठ. कामगारांना चार वाजता चहाची सुट्टी.” तिने भिंतीवरच्या घड्याळाकडं मान उडवली. चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

सारजाबाईनं हसत समोरच्या किटलीतला चहा बशीत ओतून तिच्यापुढं ठेवला. समोर रेशमाचा डोंगर, बाजूला हात चोळत उभे शेठ. छबुबाईनं मांडीखालून हात काढले, मुंग्या झटकल्या, आणि तो चहा फुंकून फुंकून, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.