पोचेवरची सही

ती केस आजबी आठवती, आन आठवली की आदी सोताच्याच कानफटात द्यावी वाटती. शाळेचा आन माजा संबंध सातवीपतूर, त्यातलं निम्मं वर्गाच्या बाहीर उभं राहून. तरीबी पोलीस खात्यात घेतलं, शिपायाचा जमादार केलं. कुठंबी गेलो तर आदी पोट पोचायचं, मागून मी.

तवा दिंद्रुडच्या रस्त्याला आमचा नाका होता. एका सकाळी मी टँकर अडवला. मागं मोर काढलेला. आत कारखान्याचं वाया गेलेलं विषारी रसायन, पर धोक्याची पाटी न्हाई, सोबत कागद न्हाई. वासानं माजी टोपी उडायची राह्यली. साहेबांनी कारवाई केली आन मला म्हनले, "जमादार, ट्रान्सपोर्टवाल्याला नोटीस द्या. असला माल बिगरकागदाचा वाहू नका, इतकंच लिवा."

इतकंच लिवायचं तर जमादार कशाला? मी खाली पदरचं एक वाक्य घातलं : 'यापुढे दिंद्रुड रोडच्या नाक्यावर रोज सकाळी आपल्या प्रत्येक गाडीची तपासणी होईल, याची नोंद घ्यावी.' शिपायाला वाचून दाखवलं. तो म्हनला, "लई जबरी!" दोन दिवस मी त्याच हवेत.

नोटीस घिऊन ट्रान्सपोर्टच्या हापिसात गेलतो. मॅनेजरनं खुर्ची दिली, पंखा माज्याकडं वळवला, भजी मागवली. नोटीस मिळाल्याची सही, म्हंजे पोच, घ्यायची असती. ती घेतली, ढेकर दिला आन आलो.

आठ-धा दिसांनी एक म्हातारा धनगर ठाण्यात आला. उंबऱ्यातच उभा राह्यला.

"नाल्याचं पानी पिऊन मेंढरं आडवी झाली, साहेब."

"किती?"

"उभी किती ते इचारा."

"कोन आलतं तिकडं?"

"टँकर. मला वाचता येत न्हाई, पर मागं मोर होता."

आमी गेलो. नाल्यात तांबूस पानी, वर फेस. मेंढरं जिथं प्याली तिथंच पडलेली. म्हातारी एका कोकराच्या तोंडात तांब्यातलं पानी सोडत होती आन ते पानी तसंच बाहीर येत होतं. 

दुपारपतूर टँकर एका ढाब्यावर सापडला. डायव्हरला ठाण्यात बसवलं.

"नाल्याकडं कावून वळला बे?"

"लघवीला थांबलतो, साहेब."

"आन टँकरलाबी लागली व्हय?"

तो हासला. "मालकाला काई ठाव न्हाई, म्याच केलं," एवढंच घोकत राह्यला.

मॅनेजर आला, कडक इस्त्रीचा. "आम्हाला कसलीच नोटीस मिळाली नाही. मिळाली असती तर आम्हीच गाडी बंद केली असती. पोच दाखवा."

साहेबांनी फाईल उघडली. पोच होती. 'नोटीस घेणार' याच्यापुढं सहीबी होती. माजी. भज्याच्या नादात नोटीस मीच दिलती आन मीच घेतलती. साहेब माज्याकडं बघत म्हनले, "काय जमादार, तुमाला तरी नीट मिळाली ना?"

सगळं ठाणं हासलं. म्हातारा पायरीवर बसलेला, तो तेवढा हासला न्हाई. त्याला एकच कळलं : पोच न्हाई म्हंजे मालक सुटनार, डायव्हर अडकनार, आन मेंढरांचा जाब खऱ्या मानसाला कोनीच इचारनार न्हाई.

मग दोन पंच बोलावून ठाण्यात आनलेल्या टँकरच्या केबिनची झडती घेतली. शिटाखाली भाकरीचं फडकं होतं. फडक्यात भाकरीखाली एक तेलकट कागद. उलगडला तर माजीच नोटीस! माज्या त्या जबरी वाक्याखाली लाल रेघ, आन मागच्या बाजूला पेनानं रस्ता काढलेला, नाका चुकवून थेट नाल्यापतूर.

कागद बघितला तसा डायव्हर बोलाय लागला. "मॅनेजरनंच दिला, साहेब. म्हनला, सकाळचा हितं नाका हाय, तू तिकडनं जा आन तिथंच खाली करून ये."

सांगायला लाज वाटती, पर मला त्या घडीला लई आनंद झाला. पोच सापडली ना!

पंचनामा लिवला की पंचांला वाचून दाखवावा लागतो. मी सुरू केलं. पायरीवरून म्हातारा म्हनला, "मोठ्यानं वाचा, मला बी ऐकू द्या." मी मोठ्यानं वाचलं. त्यात नोटिशीचा मजकूर जसाच्या तसा. त्या वाक्यापाशी आलो आन तेवढं भराभर वाचून टाकलं.

"हे कोनी लिवलं?" म्हातारा म्हनला.

"मी."

"म्हंजे नाका कुठं हाय, ते तुमी त्यांला सांगितलं."

"व्हय."

"आमाला न्हाई सांगितलं."

मालकावर, मॅनेजरवर गुन्हा दाखल झाला. साहेबांनी पाठ थोपटली, म्हनले, तुमच्या नोटिशीमुळं केस उभी राह्यली. उभी केस तेवढीच राह्यली. त्यानंतर मी ढिगानं नोटिसा दिल्या, पर साहेब सांगतील तेवढंच लिवलं. सरकारी कागदात आपली मिशी घालू नये, एवढी अक्कल मला आली, तीबी दुसऱ्याच्या मेंढरांवर.

रिटायर व्हईपतूर तो म्हातारा दिसायचा. वाचलेली सात मेंढरं घिऊन यायचा आन लांबूनच इचारायचा, "जमादार, आज नाका कुठं हाय?" मी सांगायचो. मग तो आमच्या नाक्याच्या बाजूलाच मेंढरं सोडायचा.

तिथं चारायला काईच नव्हतं.