हलणारा पाळणा आणि मी

न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेतल्या उंच पाळण्यातून मी सासूबाईंच्या मांडीवर बसून खाली उतरले. चढताना आम्ही समोरासमोर बसलो होतो.

सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे जर्सी सिटीला आल्या, त्या दिवसापासून मी त्यांना जपत होते. सरकत्या जिन्यावर हात धर, रस्ता ओलांडताना दंड धर. त्यांना त्याची काडीची गरज नव्हती, पण अमेरिकेत मुरलेली सून हा माझा मान मला सोडवत नव्हता. त्या शनिवारी नवरा ऑफिसच्या कॉलवर अडकला, म्हणून सासूबाई, मी आणि माझी लेक ईरा अशा तिघीच ट्रेनने समुद्रावर गेलो.

आईंना बसल्या जागी सगळा समुद्र दिसावा, म्हणून मी तिथला जुना, मोठा पाळणा निवडला. त्याला बसायला जाळीच्या पेट्या होत्या आणि चढायला दोन रांगा. एक लांबलचक, दुसरी जवळजवळ रिकामी. रिकाम्या रांगेच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, हलणाऱ्या पेट्या.

“मम्मा, दोज वन्स स्विंग,” ईरा म्हणाली.

“पाळणा आहे, हलणारच. लोक काही वाचत नाहीत,” असं म्हणून मी दोघींना त्या रांगेत घातलं. (कोण वाचत नाही, ते पुढे कळलंच.)

वर जाईपर्यंत काहीच झालं नाही. मी आईंना बोटाने मॅनहॅटन दाखवत होते. तेवढ्यात आमची पेटी जागची सुटली आणि थेट समुद्राकडे निघाली! ती चाकाच्या आतल्या आत रुळावरून घसरते, मुद्दाम तशीच बनवलीय, असं ईरा मला समजावत होती म्हणे. मला ऐकू येणं शक्य नव्हतं, कारण मी ओरडत होते. दुसऱ्या हेलकाव्याला मी डोळे घट्ट मिटून देवाचं म्हणायला लागले.

“अगं वैशाली, निम्मी गणपतीची आरती झाली, निम्मी देवीची,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “एकाला कुणाला तरी धर.”

मी त्यांनाच धरलं.

खाली दार उघडणाऱ्या माणसाने काळजीने विचारलं, “आर यू ओके, मॅम?” सासूबाईंना नाही, मला. सासूबाई तोवर मान वर करून लाकडी रोलरकोस्टर न्याहाळत होत्या. त्यांनी ईराला येतेस का विचारलं, ईरा टुणकन उडी मारून तयार झाली. मग दोघींनी मला दोन्ही दंडांना धरून सावलीतल्या बाकावर बसवलं, सगळ्या पर्सेस माझ्या मांडीवर ठेवल्या आणि कुठे जाऊ नकोस म्हणून बजावून त्या निघून गेल्या.

बाकावर एक गुजराती आजी बसल्या होत्या. त्यांनी हिंदीत चौकशी केली, मुलं राइडवर गेली का?

“मुलगी गेलीय,” मी म्हणाले. “आणि सासूबाई.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं, पिशवीतून गुडघ्यांना चोळायचं मलम काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.