प्रोपेलरवरचं स्टिकर

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नळ यायच्या वेळेला, आमच्या वस्तीतल्या पोह्यांच्या गाडीवाल्या मावशींवर अन्याय झाला. नागपुरात जरीपटक्याच्या बाजूला आमची वस्ती आणि चौक यांच्यामध्ये एक मोकळा प्लॉट आहे. त्याच्या कडेने डांबरी रस्ता जातो. त्या सकाळी प्लॉटवाल्याने रस्त्यासकट सगळ्याला उंच पत्रे ठोकले. मावशी लांबच्या वळशाने चौकात पोचल्या तोवर ड्यूटीवर जाणारे दुसरीकडे नाश्ता करून गेले होते आणि पोह्यांवर ओतायचा तिखट रस्सा, म्हणजे तर्री, अर्धी गतिरोधकांवर सांडली होती. मग हे रोजचंच झालं. याला गैरसोय म्हणतात असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. वस्तीतल्या आमच्या मंडळाच्या पत्रकांत आम्ही तो शब्द खोडतो.

आम्ही महापालिकेच्या झोन ऑफिसात गेलो. साहेबांनी विचारलं, रस्ता कुठे आहे? आम्ही म्हटलं, पत्र्यांच्या आत. साहेब म्हणाले, पत्र्यांच्या आत म्हणजे खाजगी जागा.

म्हणजे वरून दाखवणं भाग होतं. मंडळातल्या एका इंजिनियर मैत्रिणीकडे हौसेने जोडलेला छोटा ड्रोन होता, वजनाला एका मोठ्या संत्र्याएवढा. तिने तो दिला, उडवायला शिकवलं आणि ती कामावर गेली.

आमच्याकडे एक रीत आहे. मंडळाच्या कामाला लागलेल्या प्रत्येक वस्तूवर घोषणेचं स्टिकर लागतं. माइकवर आहे, सायकलवर आहे, चहाच्या किटलीवर आहे. ड्रोनच्या अंगावर तारा आणि बॅटरी, जागाच नाही. म्हणून ‘रस्ता आमचा’ प्रोपेलरवर लावलं. प्रत्येक प्रोपेलरला दोन पाती, त्यातल्या एकाच पात्यावर, कारण स्टिकरं तेवढीच उरली होती.

ड्रोन उडाला. आवाज जरा जास्त करत होता, पण आंदोलनात आवाज असतोच. व्हिडिओ घेऊन आम्ही मावशींसकट पुन्हा साहेबांपुढे उभे राहिलो. साहेबांनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला.

“हा रस्ता हालून राहिला ना, भाऊ. तलावाच्या आत जाऊन काढला का?”

मावशींनी डोकावून पाहिलं. “माह्या तर्रीपेक्षा जास्त हालते हे.”

संध्याकाळी बैठकीत साहेब विकले गेल्याचा ठराव आम्ही एकमताने मंजूर केला. मसुदा माझा होता. तेवढ्यात मैत्रीण आली आणि तिने ड्रोन उचलला.

“काहून गा, पात्यावर हे काय आहे?”

“घोषणा.”

“एकाच पात्यावर?”

तिने एक प्रोपेलर काढून बारीक सळईत ओवला आणि ती सळई दोन चुंबकांमध्ये जवळजवळ तरंगती ठेवली. स्टिकरचं पातं लगेच खाली गेलं. तिने आडवं केलं, परत खाली गेलं. ती म्हणाली, एक बाजू जड असली की फिरताना सगळा ड्रोन थरथरतो, कॅमेरा थरथरतो, मग तुमचा रस्ताही थरथरतो.

मी म्हटलं, नवं कापून दुसऱ्या पात्यावरही लावू.

“तू कात्रीनं कापणार ना? मग राहू दे.”

घोषणा काढणं म्हणजे माघार का, यावर चर्चा सुरू झाली. बरीच लांबली. मावशी न खपलेले पोहे घेऊन आल्या होत्या. ते आम्हाला वाढता वाढता त्या माझ्याकडे वळल्या.

“वरतून तुमची घोषणा वाचणार कोण गा, कावळा?”

मतदान झालं नाही. खोबरेल तेल लावून आम्ही स्टिकरं सोलली, गोंद पुसला. तरी पाती पुरती सारखी नव्हती. मग हलक्या पात्यावर तिळाएवढे चिकटपट्टीचे तुकडे लावायचे, सळईवर ठेवून बघायचं, ते पातं खाली गेलं की तुकड्यातला तुकडा कापायचा. प्रोपेलर जिथे सोडू तिथेच थांबायला लागला, तेव्हा मैत्रिणीने पुढचा घेतला. पोहे गार झाले. मावशी शेवटपर्यंत बसून होत्या. दुकान तर त्यांचंच बुडत होतं.

दुसऱ्या सकाळी ड्रोन मुकाट्याने वर गेला. चित्र स्वच्छ आलं. डांबराचा पट्टा आमच्या बाजूने पत्र्याखाली शिरतो, सरळ जातो आणि चौकाच्या बाजूने बाहेर पडतो. मधे महापालिकेचे दिव्याचे खांब एका रांगेत उभे आहेत. दिवे दिवसाही चालू होते.

साहेबांनी व्हिडिओ परत लावून बघितला. “हा तर आपलाच रस्ता आहे,” म्हणाले. ठराव आम्ही मागे घेतला. साहेबांनी सोमवारी सकाळी जागेवर मोजणी लावली. पण रस्ता वापरात होता हे सांगायला माणसं लागतील, म्हणाले, व्हिडिओत एकही माणूस दिसत नाही. बरोबर आहे. माणसं पत्र्यांच्या बाहेर आहेत.

तुम्ही या रस्त्याने कधी चौकात गेला असाल, बस पकडायला, शाळेत किंवा मावशींच्या हातचे पोहे खायला, तर सोमवारी सकाळी पत्र्यांसमोर या, मोठ्याने सांगा आणि पंचनाम्यावर सही करा.