कौशल्याबाईंच्या हाताची चाल

भोसरीच्या आमच्या कारखान्यात बारा बायका केसाएवढी बारीक तांब्याची तार रिळावर गुंडाळत. मशीन पायाने फिरवायचं, तार बोटांतून सोडायची. घाई केली की तार तुटे आणि रीळ बाद. मी तपासनीस; लोकांचं बाद ठरवणं एवढंच माझं कर्तृत्व.

चौऱ्याहत्तर साली बीडकडच्या कौशल्याबाई तिथे टेंपररी लागल्या. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. नवऱ्याचा पाय मोडलेला, पदरात दोन पोरं. कायम झाल्या तरच घर तरणार होतं. त्यासाठी कारखान्याचे मॅनेजर गुरुदत्त साहेब घड्याळ लावून तासभर समोर बसणार होते, आणि तीन रिळं बाद झाली तर घरी.

आदल्या दिवशी शेजारच्या दुर्गाबाईंनी बजावलं, "घड्याळ आलं की हात आवर बाई. तुज्यावरनं समद्यांचा कोटा ठरनार हाय. माजी बोटं आता वळत न्हाईत."

कौशल्याबाईंनी शब्द दिला आणि पाळलाही. एकेक वेढा डोळे फाडून बघत घातला. दहा मिनिटांत दोन तारा तुटल्या. भाकरी कधी हाताकडे बघत थापून पाहा, चिरते. सवयीच्या हाताने आपली चाल ठरवलेली असते. तिच्यापुढे पळालं की चुकतं, आणि मुद्दाम रेंगाळलं की डोकं मधे लुडबुडतं.

बाईंचे डोळे भरले. साहेब मुळात भला माणूस. धीर द्यायला म्हणून त्यांनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

झालं. गाव निघालं, गावची विहीर निघाली, जावेचं भांडण निघालं. हात विसरला गेला आणि आपल्या चालीने धावू लागला. तास संपला तरी जावेचं भांडण मिटलं नव्हतं, पण तार पुन्हा तुटली नव्हती.

बाई कायम झाल्या. सगळ्यांचा रोजचा कोटा पंचवीस रिळांवरून बत्तीसवर गेला.

दुसऱ्या दिवशी जेवताना अकरा जणींनी त्यांच्याकडे पाठ केली. बाई गप्प बसलेल्या मी तेवढ्या एकदाच पाहिल्या. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

सुट्टीला दीड तास उरला तेव्हा त्यांची बत्तीस झाली होती, दुर्गाबाईंची चोवीस. कौशल्याबाईंनी स्टूल ओढलं आणि उरलेली आठ भरायला दुर्गाबाईंच्या मशीनला बसल्या.

"मी बोलनार न्हाई तुज्याशी," दुर्गाबाई म्हणाल्या.

"नका बोलू. निसतं ऐका. तर आमची जाऊ..."

दुर्गाबाई रिटायर होईपर्यंत, म्हणजे सात वर्षं, रोज ऐकत होत्या. तेवढ्या काळात त्यांचं एकही रीळ मला बाद करता आलं नाही.