सरांची तार

ताणलेली कुठलीही वस्तू दिसली की आमचे सर तिच्यावर तळहात ठेवायचे. लग्नाच्या मांडवाची दोरी असो की कुणाच्या अंगणातली कपड्यांची तार, हात गेलाच. विजेच्या खांबांचे ताण तेवढे काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, धाकाने सुटायचे. दोरी छेडून सर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हालते किती, थे सोड. थांबते कवा, थे सांग."

तुमच्याही ओळखीत असा एखादा छांदिष्ट असेलच. सरांचा छंद म्हणजे केबल-स्टेड पूल. उंच खांबांवरून तिरप्या केबल सोडून ज्यांचा रस्ता तोललेला असतो, ते पूल. पाऊस आणि वारा एकदम आले की केबलवर पाण्याचा ओघळ धरतो, तिचा गोल आकार बिघडतो आणि बेताच्या वाऱ्यातही ती नाचू लागते. मी त्यांची विद्यार्थिनी, हे सगळं कॉम्प्युटरवर मांडायची. सरांनी मात्र वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात, लॅबच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तिरपी तारच ताणली होती. पावसासाठी झारी, आणि वाऱ्यासाठी स्टाफरूमचा कूलर, तोही मे महिन्यात!

"सर, धाम नदीवर असा पूल होऊन राह्यला का?" घामाघूम सहकारी चिडवायचे.

"नदी लहान हाये. वारा काई लहान नाई," सर म्हणायचे, आणि कूलर काही परत द्यायचे नाहीत.

निवृत्तीच्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरांना मग एकच घाई झाली. डँपर लावून त्या नाचणाऱ्या तारेला स्वतःच्या हाताने शांत करायचं आणि मगच घरी जायचं. डँपर म्हणजे स्कूटरच्या शॉकअपचा धाकटा भाऊ. त्याचा स्क्रू सैल राहिला तर उपयोग नाही, आणि फार आवळला तर तार त्या जागेलाच आपलं टोक समजते आणि पुढे खुशाल नाचत राहते. मधली जागा हातालाच सापडावी लागते.

एका दुपारी कूलर चालू होता आणि मी झारीने पाणी सोडत होते. सरांचा पेचकस स्क्रूवरून पुन्हा पुन्हा निसटत होता. शेवटी त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"पोरी, तू फिरव. मी सांगतो."

मी जरा सैल केला.

"अजून थोडा. बस."

तार हळूहळू निवली. सरांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"थांबली का थे?"

"थांबली, सर."

"मले त हालून राह्यल्यासारखीच वाटते," ते म्हणाले. मग आपल्याच हाताकडे बघून हसले. मला नाही हसता आलं. त्यानंतर ते लॅबमध्ये आले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात मी वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेला त्यांच्या घरी गेले. ती आमची शेवटची भेट. सर पलंगावर होते आणि एवढ्या उकाड्यात दोन्ही हात चादरीखाली. "कोणी आलं का हात झाकून घेतेत हे," काकू हळूच म्हणाल्या आणि चहा ठेवून आत गेल्या.

मी माझा हात पुढे केला. सर घुटमळले. मग चादरीतून हात काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"सोड न पोरी. हालतच राहते थो."

"हालू द्या, सर," मी म्हणाले, आणि चहा पार गार झाला तरी तो हात धरून बसले.