मावशी कुणाला म्हणतात

"मावशी, आज आमची बाई आली नाही. एवढे कप विसळून टाकता का?"

मुंबईत, बाराव्या मजल्यावर, मैत्रिणींनी भरलेल्या हॉलमध्ये बसून मॅडम माझ्या आईला म्हणाल्या. आई लगेच उठली. पदर खोचला. आणि मी, एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, सोफ्याच्या कडेला बसून राहिले.

या मॅडम आम्हाला परक्या नव्हत्या. नाशिकला, त्र्यंबक रस्त्याला आमच्या मळ्याला लागून त्यांचं फार्महाऊस आहे. सुट्टीला येतात. आमचीच मेथी नेतात, आमचाच झेंडू नेतात. गाडीत बसताना दर वेळी म्हणायच्या, "मुंबईला आलात की घरी यायचंच हं!" आमच्याकडे 'या' म्हटलं की माणूस जातो. मुंबईत ते नुसतं बोलायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मुलाखतीसाठी मुंबईला गेलो. दुपारी मोकळ्या झालो, तर आई म्हणाली, "त्यांच्याकडं नाय गेलो तर वाईट वाटंल त्यांना."

वॉचमनने आईच्या हातातली मेथीची पिशवी बघितली आणि सामानाच्या लिफ्टकडे बोट केलं. आईला त्यात काही वाटलं नाही. उलट लिफ्ट केवढी मोठी म्हणून खूश झाली.

आत गेल्या गेल्या आई समुद्र बघायला बाल्कनीत गेली. मी वाकून नमस्कार केला. म्हटलं, "कशा आहात मावशी?" आईच्या वयाची कुठलीही बाई आमच्याकडे मावशीच. याहून मानाचा शब्द आमच्या घरात नाही. मॅडम मैत्रिणींकडे बघून हसल्या. "अगं, मावशी काय! मॅडम म्हण. इथे मावशी कामवालीला म्हणतात." सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

आणि पाचच मिनिटांत त्यांनी आईला मावशी म्हणून हाक मारली.

आत नळ वाहत होता. कप वाजत होते. मला सगळं कळत होतं, तिला काहीच नाही. दुसऱ्याच्या घरात काम सांगितलं म्हणजे आपलं मानलं, ही आमची रीत. लग्नघरात जिला कुणी काम सांगत नाही, ती बाई रुसते. आई नुसते कप धुवून थांबली नाही, ओटाही पुसून आली.

कामाची लाज नाही मला. आई जन्मभर राबतेच आहे. पण पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला कामाला लावलं. आणि जी कामवाली त्या दिवशी आली नव्हती, तिचं नाव तरी त्या घरात कुणाला ठाऊक होतं का?

घरी आल्यावर आई ज्याला त्याला सांगत सुटली. "काय माणसं हायेत! लय जीव लावला. घरातलीच समजून मला कप धुवायला सांगितले." फुलं तोडताना सांगायची, हळदीकुंकवाला सांगायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वर्षभर हेच. भांडी घासायला बसले की कानात तोच नळ वाहायचा. झोपेत मॅडमच्या घराचं दार उघडायचं आणि मी पुन्हा हसायचे.

गेल्या महिन्यात मॅडम मळ्यात आल्या. मला म्हणाल्या, "रविवारी फार्महाऊसवर पार्टी आहे. मावशींना सकाळपासूनच पाठव ना. हात स्वच्छ आहे त्यांचा."

आई फुलं तोडायची सोडून हसत पुढे आली. 'हो' म्हणणारच होती.

मी म्हटलं, "ती येणार नाही. मावशी कुणाला म्हणतात ते तुम्हीच मला शिकवलंय."

"अगं, एवढं काय त्यात?"

"मग पाहुणी म्हणून बोलवा. कप तुम्ही धुवा."

मॅडम गेल्या. मग आईला सगळं सांगावं लागलं. ती सामानाची लिफ्ट, ते हसणं, त्या शब्दाचा मुंबईतला अर्थ. ती बांधावर बसली. ओटीत फुलं तशीच. मला वाटलं, आता मॅडमचा उद्धार करेल. तिने माझ्याकडे बघितलं.

"तवा का नाय बोललीस?"

त्या दिवसापासून आई कुणालाच मावशी म्हणत नाही. बाजारात भाजी घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाईलाही मॅडम म्हणते. तिचा शब्द गेला, आणि तो घालवण्यात माझाही हात आहे.

आता मी वर्षभर गिळून बसणार नाही. जिथे अपमान होईल तिथेच बोलेन, त्याच हॉलमध्ये, सगळ्यांच्या तोंडावर. शेजार तुटला तर तुटो.